साय न धरणारं

रुवीतल्या फार्मसीत खालच्या फळीवर
दोनच डबे उरलेत, ज्यांच्यावर गाय नाही.
बाकी सगळीकडे हिरवं कुरण
आणि ठिपक्याठिपक्यांची परकी, शांत गाय.

लंगोटातला रक्ताचा धागा बघून
डॉक्टर इख्लास म्हणाल्या,
"गाईचं बंद. सातवा लागलाय ना,
सोयाचं देऊन बघू."
बघू, यावर जोर दिला त्यांनी.
काहींना तेही सोसत नाही.

आत्या फोनवर हसलीच.
"गोठ्याच्या घरातलं लेकरू, अन् गाय बाधते?
मीठमोहऱ्या उतरून टाक."
उतरल्या. मोहरी तडतडली, धुराचा अलार्म वाजला,
वरच्या मजल्यावरचे फिलिपिनो
चपला हातात घेऊन जिना उतरले.
मंजुळा पाय पोटाशी घेऊन रडतच होती.

आता रात्रीचे दोन.
ऑगस्टात इथं थंड नळालाच कढत पाणी येतं.
उकळलेलं भांडं एसीच्या झोतासमोर धरून मी उभा.
वैजयंता भिंतीकडे तोंड करून म्हणते,
"माझं आटलं तेव्हा एवढं वाटलं नव्हतं."

तीस मिलिला एक चमचा, सपाट.
डब्याच्या कडेवर चमचा निरपला
आणि वास आला.
थेट औशाचं खळं.
मळणीयंत्राचा भुसा पापण्यांवर, बनियनमध्ये,
अण्णा बोटांनी पोती मोजतायत.

आमच्या घरात सोयाबीन कुणी खाल्लं नाही कधी.
पेरायचं, काढायचं, टेम्पोत घालायचं.
तेल कुणाचं, पेंड कुणाच्या कोंबड्यांना,
विचारलं नाही.
पंचवीस वर्षं दारातून बाहेर गेलेलं पीक
आज घरात आलं,
साडेचार रियालला डबा,
अरबी अक्षरांच्या झग्यात.

बाटली हलवली.
फेस पिवळसर, खळ्यावरच्या धुळीचा.
ती प्यायली. थांबली. माझ्याकडे पाहिलं.
परत प्यायली.

उरलेलं वाटीत ठेवलं, उगाच, बघायला.
सकाळी पाहिलं, साय धरली नव्हती.
नातवंड म्हणजे दुधावरची साय, अण्णा म्हणायचे.

पाच दिवसांनी, लंगोट स्वच्छ आल्यावर,
त्यांना फोनवर सांगितलं,
"तुमची नात सोयाबीनवर आहे."
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाले,
"वाण कोणतं?"

मी डबा फिरवून फिरवून वाचत राहिलो.