चारशे सतरा

रुवीत, सोन्याच्या दुकानावर तिसरा मजला.
खाली बांगड्यांचा भाव, वर आमचा वाद:
पाण्याच्या टँकरांचा प्रोग्राम नव्यानं लिहायचा
की जुन्यालाच ठिगळ लावायचं.

लिजोला तुकडे हवेत.
ऑर्डरचा वेगळा, ड्रायव्हरचा वेगळा, बिलाचा वेगळा,
प्रत्येकानं आपापल्या दारात उभं राहून
शेजाऱ्याला फक्त निरोप धाडायचा.
फळ्यावर त्यानं अकरा चौकोन काढले,
बाणांना जागा उरली नाही.
पारकर दाभोळचे, चष्मा कायम कपाळावर.
ते म्हणाले, एक ना धड.
म्हणजे? लिजोनं विचारलं.
भाराभर चिंध्या, मी म्हटलं,
आणि हे त्रिशूरच्या माणसाला पटवण्यात
चहा गार झाला.

हैथमचं भांडण निराळंच.
तो म्हणतो, आधी नावं नीट ठेवा.
टेम्प, टेम्प टू, टेम्प फायनल, फायनल नवा!
सूरला माझ्या काकानं शेळ्यांनासुद्धा
यापेक्षा बरी नावं ठेवली होती.

मी कुणाच्याच बाजूची नव्हते.
मला चाचण्या लिहायला आवडतात.
काय व्हायला हवं ते आधी लिहायचं,
ते होत नाही हे डोळ्यांनी बघायचं,
मग घडवत बसायचं.
लाल, लाल, लाल, हिरवी.
इतकं स्वच्छ दुसरं काही
मला आजवर मिळालेलं नाही.

जूनची दुपार, बाहेर सत्तेचाळीस.
ओळ दोन हजार सहाशे बारा:
घर क्रमांक चारशे सतरा असेल
तर थकबाकी बघू नये.

लिजो खुर्चीतून उठलाच.
बघा, आकडा थेट भिंतीत चिणलाय!
यालाच मी कुजकं डिझाइन म्हणतो. उडवा.
त्याचं बोट बटणावर,
आणि मला वरचा शेरा दिसला,
अक्षरं इंग्रजी, भाषा आपली:
इथं हात लावू नका. कारण मला विचारा. सुर्वे.

कोण सुर्वे?
तो गेला, पारकर म्हणाले, अकरा साली.
आखातात गेला या शब्दाचे अर्थ तीन.
व्हिसा संपला, किंवा पगार वाढवून मिळाला दुसरीकडे.
तिसरा आम्ही विचारत नाही.

शेवटी हैथमनं गुलशेरला फोन लावला,
सगळ्यात जुना टँकर चालवतो तो.
वादी कबीरचं ते घर? हां, ठाऊक आहे.
बाई एकटी असते. नवरा आमच्यातलाच,
आमिरातच्या उतारावर गाडी उलटली त्याची.
आम्ही पाणी टाकतो तिथं.
बिल?
कसलं बिल?

एसीचं पाणी बादलीत टपकत राहिलं.
मला बार्शीची आमची गल्ली आठवली,
नळी आधी कुणाच्या पिंपात सोडायची
हे टँकरवाल्याला कुणी लिहून दिलं नव्हतं.

वाद मग पुन्हा सुरू, पण आवाज उतरलेले.
लिजो म्हणाला, वेगळा तक्ता करू,
आकडा कोडमध्ये नको, माणसं वाढतील.
ते खरंच होतं.
पण रकान्याचं नाव काय?
सूट? हैथमनं मान हलवली.
दान? पारकरांनी.
देणं म्हणा, ते म्हणाले, आपण तिचं लागतो.
हैथम थोडा वेळ गप्प होता.
मग म्हणाला, हक्क.
पारकर हसले. अरे, हा तर आमच्याकडेही आहे!
तुमच्याकडे आमच्याकडूनच आला, हैथम म्हणाला.

पुढे तो क्यूनं लिहायचा की केनं
यावर मगरीबची अजान होईपर्यंत भांडलो.
अकरा चौकोन फळ्यावर तसेच राहिले,
कुणी पुसले नाहीत, कुणी बांधलेही नाहीत.

निघण्याआधी मी चाचणी लिहिली:
चारशे सतराला पाणी नाही म्हणू नये.
पहिल्याच फटक्यात हिरवी.
सुर्वेचा शेरा उडवला नाही.
त्याखाली एक शब्द घातला,
त्याच्याच तऱ्हेनं, इंग्रजी अक्षरांत:
विचारलं.