सेकंदाला पाच

उंबऱ्यातून आत आलेलं ऊन कुठवर पोचलं
ते बघून वेळ सांगणारी माणसं असत पूर्वी.
माझी डबी तेवढंच करते.
काडेपेटीएवढी, काळी,
माथ्यावर केसाएवढ्या दोन फटी, एक उभी, एक आडवी,
खाली सिलिकॉनची चकती.
लेझर फटीतून शिरला की कुठे पडला ते पाहायचं
आणि उलट चालत जायचं, किरणाच्या मागे मागे,
तो निघाला त्या हातापर्यंत.

ओउलूत नोव्हेंबरमध्ये तीनलाच अंधार पडतो.
रुग्णांचं हेलिकॉप्टर इल्पो चालवतो.
हॉस्पिटलकडे वळताना तीन रात्री
त्याच्या काचेवर हिरवं काहीतरी फुटलं.
"उतरायची जागाच पुसली गेली," तो म्हणाला.
मागे स्ट्रेचरवर एक बाई होती, अडलेली.

डबी मी हेलिकॉप्टरच्या पोटाखाली बसवली.
चौथ्या रात्री ती बोलली.

आकडे चांगले होते. फक्त रेघ थरथरत होती,
बारीक, सेकंदाला पाच वेळा.
पात्यांची थरथर, मी म्हटलं,
आणि कॉफीचा साका गाळावा तशी गाळून टाकली.
उरली सरळ, स्वच्छ रेघ. तिचं टोक
तोप्पिलात, बंदराजवळ,
चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीला टेकलं.
खरं सांगते, मला आनंद झाला.

पोलिसांतली तुइरे मला सोबत घेऊन गेली.
"रेघ तुझी, तूच दाखव."

दार सुलोने उघडलं. वय ब्याऐंशी,
जन्म लाकडाच्या गिरणीत गेलेला,
पायांत दोन वेगळे मोजे.
घरात लपवण्यासारखं काही नव्हतं.
एक मांजर, मुर्रे नावाचं,
त्याची आवडती भिंत,
आणि भिंतीत खिडकी.
ठिपका भिंतीवरून पळायचा, मांजर त्याच्यामागे.
काच आली की मांजर थांबायचं.
ठिपका थांबायचा नाही.
"काचेपलीकडे काय असतं?" सुलो म्हणाला.
"अंधार."

तुइरे लिहीत होती. त्याने आम्हाला कॉफी ओतली.
बशीवर कप वाजायला लागला.
मी मोजत नव्हते,
पण ती चाल ओळखीची वाटली,
आणि आकडा आपोआप आला मनात.

लेझर पिशवीत गेला, पिशवीला चिठ्ठी लागली.
मांजर बराच वेळ पिशवीकडे बघत बसलं.
"पुन्हा नाही होणार," सुलो म्हणाला,
आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला,
शाळेतल्या मुलासारखा.

परत येऊन मी गाळलेलं सगळं पुन्हा उघडलं.
ज्या हातापर्यंत जायचं होतं
तो आधीच येऊन पोचला होता,
रेघभर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

अहवालात यासाठी रकाना नाही.
समासात पेन्सिलने लिहिलं:
थरथर पात्यांची नव्हे.