छाट

व्यंकटेशने दुबईहून आणलेली पत्र्याची डबी,
आत दहा. करंगळीपेक्षा थोडे लांब,
करंगळीपेक्षा नक्कीच सरळ.
"मामा, मोठ्या सिगारला तास लागतो.
हा चहा निवेपर्यंत संपतो."

जेलरोडची गच्ची, जानेवारीतली सकाळ,
निफाडकडचा गारठा कानटोपीत शिरलेला,
आणि देवळालीला तोफांचा सराव:
धप्प. मग बराच वेळ काहीच नाही. धप्प.

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई फुटली, कड सरकली, आकडा कलला
की बोट आपोआप थांबायचं.
घरी आल्यावरही थांबायचं, पोळीच्या काठाशी,
लग्नपत्रिकेतल्या वेलबुट्टीशी.
तेव्हा सिगारही आधी तपासला.
पानाची शीर तिरकी, एकच. चालेल.
दोन बोटांत दाबला: मध्ये एक जागा मऊ.
न पेटवता ओढून पाहिला: वाट मोकळी.
जुन्या डायरीत तारीख घातली. आठ बारा.

पहिल्या झुरक्याला जीभ चुरचुरली.
दुसऱ्याला काकवी, कढईला लागलेली.
तिसऱ्याला नुसता धूर.
त्या तापानंतर माझं नाक अर्धंच परत आलंय,
म्हणून मी वास लिहीत नाही, राख लिहितो:
करडी, घट्ट, पेरभर टिकली,
तोफ झाली तरी पडली नाही.
मऊ जागेपाशी जळती रेघ एका अंगाने पुढे पळाली.
तिथे गुण कापले.
अर्ध्यानंतर कढत. शेवटी कडू,
कारल्यासारखं नव्हे,
मेथीदाणा दाताखाली आल्यावर होतं तसं.
आठ तेवीस. अकरा मिनिटं.
दहापैकी सहा. नाही, साडेपाच.

राजमणी सुपात मसूर निवडत होती.
"वाचा बघू," म्हणाली.
वाचलं. ती हसली, मग खोकली.
सिन्नरचा तो खोकला हसण्याच्या मागून येतोच.
चौदाव्या वर्षापासून विड्या वळल्या तिने,
हजारावर मजुरी. संध्याकाळी चेकर
मूठभर छाट काढून बाजूला टाकायचा:
ही सैल, ही आखूड, हिचं तोंड नीट मोडलं नाही.
छाटीचे पैसे नाहीत. छाट मात्र कारखान्याची.
"त्याने एकही ओढून पाहिली नाही कधी.
तुम्ही निदान ओढलीत."

मग डबीतून दुसरा घेतला,
नखाने पान उकललं, सुपात मसुरीशेजारी
तंबाखू पसरला आणि नाक खाली नेलं.
"ओल्या गोणपाटाचा वास. त्याच्या खाली मनुके.
हाताचाच आहे हा. पान डावीकडून फिरवलंय,
बाई डावखुरी.
आणि यालाही तीच जागा मऊ, बघा,
दर वेळी इथे अंगठा उचलते ती.
दुखत असेल."
"बाईच कशावरून?"
ती काही बोलली नाही.

प्रेसमधल्या नोटेवर
मला कधी कुणाचा अंगठा दिसला नव्हता.
दिसला असता तर ती नोट मी काढून टाकली असती.

राजमणीने तंबाखू पुन्हा पानात घेतला,
कड जिभेच्या टोकाने ओलावली,
तशीच, डावीकडून, वळली. मधे अंगठा जरा उचलला.
तोंड दाबलं.
चहा ओतायला लागतो त्याहून कमी वेळ.
डबीत ठेवला, डबी हलवली, झाकण लावून
माझ्यापुढे सरकवली.
"काढा आता छाट."

धप्प, देवळालीकडून.
डबीत नऊ आहेत. चष्मा पुसून तीनदा पाहिले,
शीर, कड, तोंड.
ती पुन्हा मसुरीत, खडे बाजूला काढतेय.
डायरीतलं साडेपाच खोडलंय.
पुढे अजून काही लिहिलेलं नाही.