तीन भिंती

वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून भिंत त्या बाजूला.
एवढंच सांगितलं डर्वलानं पहिल्या सकाळी,
लीट्रिमच्या त्या लव्हाळ्यांच्या रानात,
जिथं चिखल बूट धरून ठेवतो
आणि माणूस मोज्यावर पुढे निघून जातो.
उरलेलं, म्हणाली, हात शिकतील.

माझे हात बँकेतले.
एकतीस वर्षं छपरं तारण ठेवून घेतली त्यांनी,
एकही कधी घातलं नव्हतं.
पहिला खिळा वाकला. दुसरा वाकला.
तिसरा अंगठ्यात गेला असता,
पण टायगनं हातोडा काढून घेतला
आणि मला शिडी धरायला लावलं.

खांब टेलिफोनचे, डांबराचा वास अजून ताजा.
पत्रे एका पडक्या नाचघराचे.
वासे आले अर्धवट सुटलेल्या वसाहतीतून,
गावाबाहेरच्या, चोवीस घरांच्या,
जिथं कधीच कुणी राहायला आलं नाही.
घर फिरलं की घराचे वासे फिरतात, म्हणतात.
हे तर ट्रॅक्टरवर बसून आले.
त्या वसाहतीच्या कागदांवर सही कुणाची,
ते मी सांगितलं नाही.
टायगनं विचारलंही नाही. त्याचा भाऊ तिथं गवंडी होता.

शेळ्या अकरा.
दुधाच्या कारखान्याला नको झालेल्या, त्यात चार बोकडं.
पाऊस त्यांना पाप वाटतो.
एक थेंब पडला की सगळ्या आमच्याकडे बघतात,
जणू आम्हीच पाडला.
छप्पर ठोकून व्हायच्या आत दोघी त्यावर चढल्या.
तिसरीनं नकाशा खाल्ला,
मोजमापांसकट, माझ्या सुवाच्य अक्षरासकट.
मग आम्ही अंदाजानं बांधलं. बरं झालं.

जुसारा ब्राझीलची.
सोमवार ते शुक्रवार मांसाच्या कारखान्यात सुरी चालवते,
शनिवारी इथं करवत.
यावर कुणी काही बोलत नाही.
तिच्या जॅकेटला कसला वास येत असेल
ते शेळ्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत असणार,
तरी अंग घासायला त्या तिच्याकडेच जातात.
एकदा तिनं एकीचं डोकं दोन्ही हातांत धरलं,
बराच वेळ,
आणि मग फळ्या मोजायला गेली.

घोडी एकच. करडी.
तेजीच्या दिवसांत लोक घोडे घ्यायचे मोटारींसारखे,
आणि मी कर्ज द्यायचो.
मग एका हिवाळ्यात रात्रीबेरात्री
कुणाच्याही कुरणात घोडे उगवायला लागले,
मानेतली चिप उकरून काढलेले.
ही त्यांतली नव्हे, नंतरची. पण जखम तीच, तिथंच.
डर्वला महिनाभर नाव ठेवत नाही.
आधी राहू दे, म्हणते.

घोडीचा निवारा मी केला, जवळजवळ एकट्यानं.
चार भिंती, आणि दार.
दाराचा मला गर्व होता. बिजागऱ्या पितळी, घरून आणलेल्या.
घोडी आली, उंबऱ्याशी हुंगली,
आणि मागं सरत गेली ती थेट कुंपणापर्यंत.
तिथं थरथरत उभी.

डर्वला म्हणाली, दार काढ.
काढलं.
मग म्हणाली, भिंत काढ. पूर्वेकडची, सगळी.
संध्याकाळभर मी खिळे उपसत होतो.
ठोकताना वाकत होते, निघताना एकही वाकला नाही.

आता तीन भिंती. तरी ती आत जात नाही.
आत शेळ्या बसतात, मालकिणींसारख्या.

काल मुसळधार होता.
मी आत उभा होतो, शेळ्यांच्या ऊबेत,
आणि ती बाहेर. पाठ, पोट, शेपूट, सगळं पावसात.
फक्त तोंड वळचणीखाली आणलेलं,
माझ्यापासून हातभर.
पागोळ्या तिच्या कपाळावरून ओघळत होत्या
आणि ती डोळे मिटून ऐकत होती,
काय, ते मला माहीत नाही.

मी फूटपट्टी काढली, हळूच.
पुढच्या शनिवारी वळचण सहा फूट वाढवायची आहे.
शिडी जुसारा धरेल.