वेणी अभ्यासक्रमात नव्हती

गोळीबार चौकाच्या मागं, मनपाच्या शाळेत
सहावी ‘ब’चे बाक भिंतीला लावून
आम्ही साडेपाचला सुरू करतो.
फळ्यावर अजून लसावि-मसावि.
सतरा पोरी, चार पोरं, एक गादी.
गादीतून कापूस निघतो, तो आम्ही परत कोंबतो.

काल क्षितिजा निनावे, नारंगी पट्टा,
मान पुसता पुसता म्हणाली,
“मॅडम, हे बाहेर चालते का हो?
माहा भाऊ म्हणते, हा निस्ता डान्स आहे.
रोडवर कोनी ‘हाजिमे’ म्हणत नाही.”

मी म्हटलं, रांगेत उभी राहा.
हा आमचा सगळ्यात जुना डाव.

अकरा वर्षं झाली. मे महिना,
कॉटन मार्केटच्या बाहेर, रात्रीचे नऊ,
डांबर अजून चपलेला चिकटत होतं.
माझी स्कुटी एका मेटॅडोरला घासली,
एवढंच.
तो उतरला. बोलला नाही काही.
मला वाटलं, आधी शिव्या होतील;
शिव्या चालू असताना अंतर मोजता येतं,
पाय मांडता येतो.
त्यानं सरळ वेणी धरली.

मनगट धरलं तर काय, मला येत होतं.
कॉलर धरली तर काय, चार प्रकारे येत होतं.
मागून मिठी, पुढून गळा, लाकडाचा चाकू,
सगळ्यात मी पास होते, सर्टिफिकेट फ्रेम केलेलं.
वेणी अभ्यासक्रमात नव्हती.
आमच्या धकाते सरांना केस नव्हते,
त्यांच्या सरांनाही नव्हते म्हणे.

लाथ उचलली
तर खालचा पाय कोबीच्या पानावरून गेला.
ठोसा त्याच्या खांद्याला लागला,
त्याला कळलं की नाही, कोण जाणे.
आणि वर्गातला जोडीदार धरतो, अन् थांबतो,
हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं.
पंधरा वर्षं धीरज पौनीकर
माझं मनगट धरून थांबला होता
मी सुटेपर्यंत, सभ्यपणे.
“हं, आता,” असंही म्हणायचा.
हा थांबत नव्हता.

मग मी चावले.
अंगठ्याच्या मुळाशी, दात भिडेपर्यंत.
डिझेल, कांदा, खर्रा.
याला जपानी नाव नाही.
पुढं कित्येक महिने
खर्रा घोटणाऱ्याच्या बाजूला मला बसवत नव्हतं.

त्यानं ढकललं. मी पडले.
पडताना हनुवटी आपोआप छातीला लागली,
हात सपाट आपटला डांबरावर,
डोकं फुटपाथच्या कडेपासून चार बोटं राहिलं.
हे याच गादीवरचं.
पडायचा तास मला सगळ्यात कंटाळवाणा वाटायचा.
गॅदरिंगमध्ये पडणं कोणी दाखवत नाही,
कौलं फोडून दाखवतात.

हमाल धावले. तो हात दाबून उभा होता,
त्याचे गुडघे लटलटत होते, माझेही.
कोण जिंकलं,
त्याच्या क्लीनरलाही सांगता आलं नसतं.
एका म्हाताऱ्या हमालानं माझी चप्पल शोधून दिली,
म्हणाला, “कराटे-फिराटे शिकली का व बाई?
पडली मस्त.”

घरी सांगितलं, स्कुटी घसरली.
दुसऱ्या दिवशी साडेपाचला
मनगट सोडवायचं शिकवलं,
त्याच क्रमानं, एक दोन तीन,
आणि तेव्हापासून तेच शिकवते आहे.
खोटं नाही ते.
अर्धं आहे.

आज क्षितिजा आली. पुन्हा विचारलं नाही तिनं,
गादी ओढायला लागली.
मी केसांचा चिमटा काढला.
पिकलेत, पण वेणीपुरते आहेत.
म्हटलं, धर.
तिनं धरली, दोन बोटांनी,
दुसऱ्याच्या घरचा काचेचा ग्लास धरावा तशी,
आणि थांबली.

“अशी नाही व.
वढ.
अन् थांबू नको.”