तीन वह्या

भोसरीला, आमच्या गेटजवळ, एक काळी फळी आहे.
तिच्यावर रोज पावणेसातला
मी खडूनं आकडा लिहितो :
अपघाताविना दिवस.
टाइम ऑफिसात एकोणीस वर्षं. अक्षर बरं,
म्हणून हे काम माझ्याकडे.

सहाशे अकरापर्यंत गेला होता तो एकदा.
कसा गेला ते विचारू नका.
म्हणजे विचारा, आता सांगायला हरकत नाही.
कुदळेचा हात प्रेसखाली आला
तेव्हा मीच त्याला स्कूटरवरून नेलं,
फडक्यात गुंडाळलेलं ते ओलं ओझं माझ्या पाठीला टेकलेलं,
आणि कागदावर लिहिलं : घरी विळीवर कापलं.
दोन बोटं. विळीवर.
दुसऱ्या दिवशी दोनशे चार पुसून
मी दोनशे पाच लिहिलं.
खडू मोडलाबिडला नाही.

मग मेधा येळवंडे आल्या.
त्यांच्या मापाचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये नव्हते
तर आठ दिवस शॉपमध्ये पाऊल टाकलं नाही,
ऑफिसात बसून वह्या वाचत राहिल्या.
वह्या तीन होत्या :
अपघाताची लाल, सुपरवायझरच्या कपाटात.
दवाखान्याची निळी, कंपाउंडर तांबोळीकडे.
सांडपाण्याची बिनपुठ्ठ्याची, मागे शेडमध्ये,
तिच्यावर चहाचे गोल.
तीन किल्ल्या. आणि तिघींची आपसात बोलचाल नाही.

नवव्या दिवशी कॅन्टीनच्या टेबलावर
त्यांनी तिन्ही शेजारी शेजारी उघडल्या.
बारा तारीख : प्लेटिंगचा पंखा बंद, किरकोळ.
बारा तारीख : रेश्मा, शेवंताबाई, हातांना खाज, मलम दिलं.
तेरा तारीख : नाल्याला पिवळं पाणी.
"एकच गोष्ट आहे," त्या म्हणाल्या,
"तिघांनी वाटून घेतलेली."
तांबोळी चष्मा पुसत राहिला.
मग माझ्याकडे न बघता,
"आणि ती विळी कुठंय?"

त्या संध्याकाळी मी सहाशे अकरा पुसलं.
शून्य लिहायची हाताला सवय नव्हती,
पहिलं जरा अंड्यासारखं आलं.
मालकांनी गाडी थांबवून काच खाली केली,
"किती दिवस राहणार हे?"
म्हटलं, "आजचा दिवस, साहेब. उद्या एक होईल."

पुढच्या चार वर्षांत सांगण्यासारखी गंमत नाही.
पंख्याचे पट्टे, हातमोज्यांची मापं,
प्रेसला दोन बटणं, दोन्ही हात त्यांच्यावर असले
तरच ती खाली येते.
वही एकच, जाड. तिला कुलूप नाही.
रेश्मा स्वतःच लिहिते, तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात :
आज वास जास्त आला.

परीक्षक आले तेव्हा फळीवर त्र्याण्णव.
"एवढंच? शेजारी तर दोन हजार आहेत."
बाईंनी वही पुढे सरकवली.
त्यांच्या चहावर साय धरली, तरी ते वाचतच होते.

चिंचवडच्या सभागृहात ढाल मिळाली.
ती घ्यायला मालकांनी कुदळेला पुढे केलं.
फोटोवाला म्हणाला, "काका, नीट धरा, पूर्ण हातानं."
कुदळे म्हणाला,
"आहे तेवढा पूर्णच आहे हा."
हसावं की नाही ते पहिल्या रांगेला कळेना.
मला कळत होतं. मी हसलो नाही.

आता ढाल काचेच्या कपाटात आहे, त्याला मात्र कुलूप आहे.
मागच्या भिंतीपर्यंत आमचं पाणी स्वच्छ,
टाकीत बाईंनी सोडलेले मासे आहेत, सात,
आठवा मांजरानं नेला, त्याचीही नोंद आहे.
भिंतीपलीकडे, जिथं दोन हजार दिवसांची फळी आहे,
तिथून जांभळा फेस येतो
आणि आमच्या पाण्याला धरून, एकाच नाल्यानं,
पवनेकडे जातो.

हे कुठल्या वहीत लिहायचं,
मी बाईंना विचारलं.
त्यांनी पेन दिलं.