ओळखीचे दोन जण

पुण्याहून आलेल्या ट्रेनर बाई
म्हणाल्या, माणसं जोडा, नाती हेच खरं भांडवल.
जळगावच्या एमआयडीसीत दुपारचे तीन.
मी हजेरीचा कागद फिरवत होतो,
सगळे माना डोलावत होते.

सायबू तडवी मागच्या बाकावर.
बारा वर्षं मशीनवर आहे,
पाइपाला नख वाजवून जाडी सांगतो.
त्याच्या अर्जात एकच रकाना कोरा:
कंपनीतील ओळखीचे दोन जण.

सुपरवायझर कोण, ते ठरलं होतं डिसेंबरातच,
बामणोदच्या मळ्यात, भरीत पार्टीला.
मीही होतो. साहेबांचे साडू माझे मामेभाऊ,
त्याशिवाय का ही खुर्ची?
कपाशीच्या काट्यांवर वांगी भाजायला
सायबूलाच बोलावलं होतं.
पंगत उठेपर्यंत तो वाढत होता,
"मिरची पुरली ना?" विचारत.
भरीत झकास झालं होतं,
हे तेव्हा सगळेच म्हणाले.

चहाच्या सुट्टीत तो टेबलाशी आला.
नखांत काळं, धुराचं की ग्रीसचं, कळेना.
"तुमचं नाव टाकू का, भाऊ?
दुसरं बघतो मी कोणाचं तरी."

माझ्या हातात पेन होतं, उघडं.
म्हटलं,
साहेबांना विचारून सांगतो.